‘आता वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका
वाढते वय, मेंदू आणि तात्पुरती स्मृती

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घराघरांत इतक्या सहज वापरली जाते की ती कोणाला लागते आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. आई चहात दुसऱ्यांदा साखर घालते, बाबा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात, आणि घरातले हसून म्हणतात, ‘आता वय झालं!’ हसण्यापर्यंत ठीक आहे. पण ‘वय झालं’ या शब्दांमागून दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे, ज्या विसरण्यावर उपचार होऊ शकला असता, त्यावर तो होत नाही. दुसरी म्हणजे, ज्या माणसाचा मेंदू अजून बऱ्यापैकी काम करतो आहे, त्याच्या हातून पैसे, औषधे आणि निर्णय एकेक करून काढून घेतले जातात. वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्ही या दोन्ही गोष्टी वारंवार पाहतो. म्हणूनच या वेळी आपण वयस्कर मेंदूबद्दल बोलू. तो काय गमावतो, काय टिकवतो आणि त्याला आपली कोणती मदत हवी असते, हे समजून घेऊ.

तात्पुरती स्मृती म्हणजे नेमके काय?

‘शॉर्ट टर्म मेमरी गेली’ हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येते. सकाळी काय खाल्ले ते आठवले नाही की आपण तसे म्हणतो. वैद्यकशास्त्रात मात्र तात्पुरती स्मृती म्हणजे काही सेकंदांपुरती स्मृती. कोणी मोबाईल नंबर सांगितला आणि आपण तो दाबेपर्यंत मनात घोळवला, ही तात्पुरती स्मृती. दुकानदार म्हणाला ‘एकशे सत्तर झाले’, आणि दोनशेची नोट देऊन किती परत यायला हवेत याचा हिशेब आपण मनात केला, तोही याच स्मृतीच्या जोरावर. ती पाटीसारखी आहे. पाटी लहान, लिहायचे, वापरायचे आणि पुसायचे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले की माणूस अशा पाटीवर साधारण सात गोष्टी धरू शकतो, कोणी दोन कमी, कोणी दोन जास्त. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी दाखवले की घोकण्याची किंवा गोष्टी जोडून घेण्याची सोय नसेल, तर खरा आकडा चारच्या आसपास येतो. म्हणजे तरुणाची पाटीसुद्धा फार मोठी नसते.

सकाळच्या नाश्त्याची आठवण हे वेगळे खाते आहे. नवी घटना कायमच्या वहीत उतरवण्याचे काम मेंदूच्या आतील बाजूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. ही दोन खाती वेगळी आहेत, हे एका रुग्णामुळे जगाला कळले. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला फिट्सचा तीव्र त्रास होता. १९५३ साली शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्याला सांगितलेला आकडा तो घोकत राहिला तर धरून ठेवू शकत असे. पण लक्ष दुसरीकडे गेले की आकडाही गेला आणि तो सांगितला होता, ही गोष्टही गेली. २००८ साली त्याचे निधन होईपर्यंत तो असाच जगला. पाटी शाबूत होती, पण त्यावरचे वहीत उतरत नव्हते.

हा फरक आपल्याला का हवा? डॉक्टरांना सांगताना तो उपयोगी पडतो म्हणून. ‘काही आठवत नाही’ एवढेच सांगू नका. ‘एका वेळी तीन कामे सांगितली तर तिसरे राहते’ ही एक तक्रार आहे. ‘कालचे लग्न अजिबात आठवत नाही, सांगितले तरी आठवत नाही’ ही दुसरी आणि अधिक गंभीर तक्रार आहे.

मेंदू दुसरी वाट धरतो

वयाबरोबर मेंदूत बदल होतात, यात शंका नाही. मेंदूचे आकारमान थोडे घटते, एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाणारे संदेश मंदावतात. विशेषतः कपाळामागच्या ज्या भागावर तात्पुरत्या स्मृतीचा मोठा भार असतो, तो लवकर थकतो. तरीही अनेक म्हातारी माणसे रोजचा हिशेब बिनचूक करतात. ते कसे?

१९९९ साली कॅनडातील टोरँटो येथील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तरुण आणि वृद्ध अशा दोन गटांना पडद्यावर आधी एक पट्ट्यापट्ट्यांची आकृती दाखवायची, ती काढून घ्यायची, क्षणभराने दुसरी दाखवायची आणि कोणत्या आकृतीतल्या पट्ट्या जास्त बारीक होत्या ते विचारायचे, असा तो प्रयोग होता. पहिली आकृती मनात धरून ठेवल्याशिवाय उत्तर देता येत नाही. हे चालू असताना पेट स्कॅनने मेंदूतला रक्तप्रवाह पाहिला गेला. दोन्ही गटांची उत्तरे सारखीच चांगली आली. मेंदूतले चित्र मात्र वेगळे होते. तरुणांचे काम ज्या भागांच्या जोडणीवर चालले होते, ती जोडणी वृद्धांमध्ये तेवढी कामाला आली नाही. वृद्धांच्या मेंदूने वेगळे भाग मदतीला घेऊन तेच काम पुरे केले होते.

त्यानंतर २००२ साली अमेरिकेतील रॉबर्टो कबेझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. स्मृतीच्या काही कामांत तरुण माणसाच्या कपाळामागचा मुख्यतः एका बाजूचा भाग काम करतो. ज्या वृद्धांची स्मृती चांगली होती, त्यांच्यात दोन्ही बाजू कामाला लागलेल्या दिसल्या. ज्या वृद्धांची स्मृती कमी होती, त्यांचा मेंदू मात्र तरुणांसारखी जुनीच वाट धरून बसला होता.

आपल्या बायाबापड्यांना हे समजावताना आम्ही पाण्याच्या हंड्याचे उदाहरण देतो. तरुणपणी एका हाताने कमरेवर धरलेला हंडा म्हातारपणी दोन हातांनी धरावा लागतो. पाणी घरी तेवढेच पोहोचते. कोणी दोन हात लावले म्हणून आपण त्याला कामातून गेलेला म्हणत नाही. मेंदूचेही तसेच आहे.

दोन हात गुंतले की तिसरे काम कशाने?

या मदतीची किंमत असते. दोन्ही हात हंड्याला लावले, तर दार उघडायला हात उरत नाही. पॅट्रिशिया रॉयटर-लोरेन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच मांडले. सोप्या कामालाच वयस्कर मेंदू आपली राखीव ताकद लावतो, त्यामुळे काम अवघड झाले की ताकद कमी पडते. एक सूचना लक्षात राहते, पण चार एकदम दिल्या की चारही विस्कटतात.

दुसरी अडचण गोंगाटाची. अ‍ॅडम गॅझली यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वृद्धांना चेहरे आणि निसर्गदृश्ये दाखवून एकच प्रकार लक्षात ठेवायला आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायला सांगितले होते. हवे ते टिपण्यात वृद्ध कमी पडले नाहीत, नको ते बाजूला सारण्यात कमी पडले. पाटी लहान, त्यात नको त्या गोष्टी लिहिल्या गेल्या, मग हव्या त्या गोष्टीला जागा कुठली? टीव्ही चालू आहे, कुकरची शिट्टी होते आहे, नातू पायात घुटमळतो आहे आणि अशा वेळी आपण आजीला सांगतो, ‘गॅस बंद कर, दूधवाल्याला पैसे दे आणि चार वाजता फोन कर.’ मग फोन राहतो. यात आजीच्या मेंदूचा दोष किती आणि आपल्या सांगण्याचा किती?

दवाखान्यातली दोन मिनिटे

याचा सर्वांत मोठा फटका औषधांना बसतो. सरकारी दवाखान्यातली लांब रांग, डॉक्टरांकडे मिळणारी दोन मिनिटे, औषधाच्या खिडकीवर हातात पडणाऱ्या पाच पट्ट्या. ‘ही बीडी, ही टीडीएस, ही रात्री, ही उपाशीपोटी. पुढचा!’ या गडबडीत तिशीतला माणूसही गोंधळेल. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा आणि टीडीएस म्हणजे तीनदा, हे समजावून सांगण्याचा वेळ कोणाला नसतो. घरी गेल्यावर रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली जाते, साखरेची एकदाही घेतली जात नाही, किंवा जेवण न करताच घेतली जाते. साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलेल्या वृद्धाला घाम सुटतो, तो बरळतो, कधी बेशुद्ध पडतो. आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘म्हातारा भ्रमिष्ट झाला.’

हे टाळणे आपल्या हातात आहे. रुग्णासोबत एक जण जावे आणि खिडकीवरून हलण्याआधी रुग्णाकडूनच वदवून घ्यावे, ‘आता तुम्ही मला सांगा, कुठली गोळी कधी घ्यायची?’ वाचता येत नसेल तर पट्टीवर पेनाने खुणा कराव्यात. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र, जेवणानंतरच्या गोळीवर ताट. सगळी औषधे एकाच डब्यात, एकाच जागी. गोळी घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला फुली. मेंदूवरचा भार कागदावर उतरवला की मेंदू मोकळा होतो.

न ऐकलेले लक्षात कसे राहणार?

आमच्या एका वस्तीतल्या आजींची गोष्ट सांगतो. सूनबाई त्यांना घेऊन आल्या. ‘सिस्टर, आईंना सांगितलेलं दहा मिनिटंसुद्धा लक्षात राहत नाही. परवा रेशनला पाठवलं, तर साखर सोडून दुसरंच घेऊन आल्या.’ घरच्यांनी आजींचे श्रावणबाळ योजनेचे पासबुक स्वतःकडे ठेवून घेतले होते. आजी गप्प बसल्या होत्या. आम्ही त्यांच्या मागे उभे राहून नेहमीच्या आवाजात त्यांना हाक मारली. त्यांनी वळून पाहिले नाही. पुढे येऊन, तोंड दिसेल असे उभे राहून तीन वस्तूंची नावे सांगितली. पाच मिनिटांनी विचारली, तर तिन्ही बरोबर. कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांत मळाचे घट्ट बूच निघाले आणि एका कानाची ऐकण्याची शक्ती खरोखरच कमी झालेली आढळली. मळ काढल्यावर त्यांचे ‘विसरणे’ निम्म्याहून कमी झाले. पासबुक परत मिळवण्यासाठी मात्र आम्हाला सूनबाईंशी दोनदा बोलावे लागले. ते मिळाले.

ऐकू न येणाऱ्या माणसाचा मेंदू आपली राखीव ताकद शब्द ओळखण्यातच खर्च करतो. ते लक्षात ठेवायला काही उरत नाही. शिवाय ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांत जाणे टाळतो आणि एकटा पडतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या चौदा टाळता येण्याजोग्या गोष्टींची यादी दिली. कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचे धूम्रपान, अति मद्यपान, व्यायामाचा अभाव, नैराश्य, डोक्याला मार, एकटेपणा आणि प्रदूषित हवा अशी ती यादी आहे. या सर्वांवर काम झाले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा या आयोगाचा अंदाज आहे. यादी पुन्हा वाचा. रस्ता झाडणारे, गटारात उतरणारे, वीटभट्टीवर राबणारे, पत्र्याच्या खोलीत चुलीच्या धुरात आयुष्य काढलेले आपले आईबाप यातले किती धोके झेलून साठीला पोहोचले आहेत, हे वेगळे सांगायला नको.

परीक्षा स्मृतीची की शाळेची?

यादीतले पहिलेच नाव आहे शिक्षण. भारतातील साठ वर्षांवरील लोकांचा एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्याकडे या वयातील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक आहे. शिक्षणाने मेंदूत जादा वाटा तयार होतात आणि एक वाट बंद पडली तर दुसरी मिळते, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्या पिढीला शाळेच्या दाराबाहेर ठेवले गेले, तिच्यापासून नोकरी आणि जमीन तर हिरावली गेलीच, म्हातारपणाची ही शिदोरीही हिरावली गेली.

पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्मृती तपासण्याची जगभर वापरली जाणारी एक चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात आजची तारीख, शंभरातून सात-सात वजा करणे, एक वाक्य लिहिणे, आकृती काढणे असे प्रश्न आहेत. हातात कधी पेन्सिल न धरलेली बाई यात नापास होणारच. तिची स्मृती गेली म्हणून नव्हे, ती शाळेत गेली नाही म्हणून. हे ओळखून हरियाणातील बल्लभगड भागात काम करणाऱ्या संशोधकांनी १९९५ साली निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार केली. तिच्यात लिहिण्या-वाचण्याऐवजी बोलून आणि करून दाखवायचे प्रश्न घेतले गेले. म्हणून आमचे सांगणे आहे की आपल्या माणसाची तपासणी होत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा, ‘हे शाळेत गेलेले नाहीत. यांना जमतील असे प्रश्न विचारा.’ हा आपला हक्क आहे. निरक्षर आईची स्मृती जोखायची असेल, तर तिला भिशीचा हिशेब विचारा, पाहुण्यांची नाती विचारा, भाकरीच्या पिठाचा अंदाज विचारा.

आणि शिकायला उशीर कधीच होत नाही. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे बसल्या आणि अंगठ्याऐवजी सही करू लागल्या. अशी शाळा प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहाराच्या ओट्यावर दुपारी दोन तास सहज भरू शकते. अक्षरे येतील, चार माणसे भेटतील आणि मेंदूला रोज नवे काम मिळेल.

कोणते विसरणे बरे होऊ शकते?

कोणाचेही विसरणे वाढले, तर आधी ही कारणे तपासून घ्या. व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइडची कमतरता साध्या रक्ततपासणीत कळते. कान आणि मोतीबिंदू तपासा. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, लघवी रोखण्याची काही औषधे यांनी वृद्धांची स्मृती मंदावते. म्हणून घरातली सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, मनाने मात्र बंद करू नका. दारूकडेही पाहा. जोडीदार गेल्यानंतरचे नैराश्य अनेकदा विसरण्याच्या रूपाने दिसते. माणूस रडत नाही, नुसता हरवल्यासारखा बसतो. त्यासाठी टेलिमानस ही शासकीय मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ वर आहे.

काही वेळा थांबायचे नसते. कालपर्यंत बरा असलेला वृद्ध आज अचानक बरळू लागला, दिवस-रात्र ओळखेनासा झाला, तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातले पाणी किंवा मीठ कमी होणे, अर्धांगाचा झटका यातले काहीही असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डोक्यावर पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी गुंगी, डोकेदुखी, गोंधळ सुरू झाला तरी तसेच करा. मेंदूवर हळूहळू रक्त साचलेले असू शकते आणि ते काढता येते.

हळूहळू वाढणाऱ्या बाबतीत असे ओळखा. नाव आठवत नाही पण नंतर आठवते, किल्ली कुठे ठेवली ते विसरते, हे वयाचे आहे. तोच प्रश्न तासाभरात पाच वेळा येतो, पायाखालच्या रस्त्यावर वाट चुकते, आयुष्यभर केलेला स्वयंपाक जमेनासा होतो, नोटा ओळखता येत नाहीत, स्वभाव पालटतो, हे वयाचे नाही. त्यासाठी मेंदूविकार किंवा मनोविकार तज्ज्ञांना दाखवा.

घरच्यांनी काय करावे?

एका वेळी एकच गोष्ट सांगा. सांगताना टीव्ही बंद करा, समोर या, सावकाश बोला. उत्तराला वेळ द्या. वाक्य मध्येच तोडून स्वतः पुरे करू नका. किल्ली, चष्मा, पैसे यांच्या जागा ठरवा आणि त्या बदलू नका. मोबाईल नंबर सलग न सांगता दोन-तीन आकड्यांच्या तुकड्यांत सांगा. झोप पुरी होऊ द्या. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा.

रोज चालायला पाठवा, सोबत जा. अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून तीन दिवस चालण्याचा कार्यक्रम वर्षभर करणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तो घटला होता. चालायला पैसे पडत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम काढून घेऊ नका, काम सोपे करून द्या. बाजाराची यादी लिहून किंवा चित्र काढून द्या, पण बाजारात त्यांनाच जाऊ द्या. पासबुक त्यांच्याच हातात असू द्या, बँकेत सोबत जा. दुसरी वाट शोधणाऱ्या मेंदूला चालायला रस्ता लागतो. घरच्यांनी सगळी कामे हिरावली, तर तो रस्ताच बंद होतो.

पुढच्या रविवारी घरातल्या ज्येष्ठांजवळ अर्धा तास बसा. मागून हाक मारून कान पाहा, औषधांचा डबा उघडून पट्ट्यांवर खुणा करा आणि त्यांना विचारा, ‘तुम्हाला कशात अडचण येते?’ उत्तर यायला थोडा वेळ लागेल. थांबा.